विचारून घेतलेल्या भिंती

आमच्या धंद्याच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द मी घातला, ह्यांनी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली कुणी मुलाखत घ्यायला आलं की आमचे हे नुसते हसतात आणि सगळं श्रेय मोहटादेवीला देऊन मोकळे होतात. देवीचे उपकार आहेतच. पण बोर्डावर काय लिहायचं हे देवीनं नव्हतं सांगितलं.

तेव्हा आमचं काम शेवगावच्या पुढं गेलेलं नव्हतं. पाथर्डीत पत्र्याच्या दोन खोल्यांत इंटरनॅशनल स्कूल निघालं होतं. शेजारच्या केशकर्तनालयावरही तेच लिहिलेलं, आणि तिथं तालुक्याबाहेरचं गिऱ्हाईक मी तरी कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, मग आपणच काय कुणाचं घोडं मारलंय? लिहा, 'सूर्यभान इंटरनॅशनल पब्लिसिटी'. हे ब्रश हातात धरून उभे. म्हणाले, "लोकं हसतील, पुष्पे." मी म्हटलं, हसू देत, हसण्यासाठी आधी वाचावं तर लागेल! तेव्हा कुठं लिहिलं.

हे म्हणजे सूर्यभान, माझा नवरा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की घराला कुलूप, बिऱ्हाड ट्रकमध्ये, आणि गुढीपाडव्यापर्यंत कुठल्या तरी साखर कारखान्याच्या हद्दीत चट्या-पाचटाची कोपी करून राहायचं. शाळा अर्धं वर्ष इकडं, अर्धं वर्ष कुठंच नाही. अक्षरं हे पुस्तकात कमी आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या पाठीमागं जास्त शिकले. वजनकाट्यापुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागायच्या, ड्रायव्हर कंटाळून बसलेले असायचे, आणि हे बाभळीच्या काडीला चिंधी बांधून त्यांच्या ट्रॉलीवर नावं लिहायचे. कुणाच्या लेकराचं, कुणाच्या आईचं. पुढं खरा ब्रश मिळाला आणि हे ट्रॉलीवरून भिंतीवर आले. बियाणं, सिमेंट, पाइप, बनियन, सांगाल ते.

माझ्या वडलांनी मला देताना ना मुलाचं घर बघितलं, ना शेत. आमच्या गावच्या पारासमोर ह्यांनी लिहिलेली सिमेंटची जाहिरात होती, ती बघितली. म्हणाले, ज्याची ओळ वाकडी जात नाही तो माणूस बरा असणार. कप्पाळ माझं! माणूस सरळ असला की बायकोचे किती हाल होतात, हे वडलांना कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांचा एक नेम होता आणि अजून आहे. भिंत घ्यायची तर घरातल्या बाईला विचारून घ्यायची. पुरुषाला नाही. पुरुष हो म्हणतो आणि निघून जातो, भिंतीकडं दिवसभर बघायचं ते बाईला, असं ह्यांचं म्हणणं. बाई हो म्हणाली की तिला विचारायचं, तुम्हाला काय काढून देऊ? कुणी दारावर नाव मागायची, कुणी तुळशीवृंदावन रंगवून घ्यायची, एकीनं तर गोठ्यावर म्हशीचं नाव लिहून घेतलं. आधी ते, मग कंपनीचं. तेवढ्यात बाकीचे रंगारी अख्खी वाडी उरकून चहाला बसलेले असत. मी इकडं डोकं आपटून घ्यायची. पण वर्ष-दोन वर्षांनी कंपनीची माणसं बघायला फिरली, तर बाकीच्यांच्या जाहिरातींवर गोवऱ्या थापलेल्या, आणि ह्यांच्या भिंती बायकांनी फडक्यानं पुसून ठेवलेल्या. आमचा धंदा वाढला तो तिथून. एवढं मला मान्य करावं लागतं, बाकी काही नाही.

मधे फ्लेक्स आले. सगळे म्हणाले, संपलं तुमचं. पण फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो, आणि नाहीच फाटला तर कुणी तरी कांद्याच्या चाळीवर टाकायला उचलून नेतो. आम्ही भिंतीच धरून राहिलो. बीड झालं, जालना झालं, तेलंगण झालं. मग एका पाइपवाल्या कंपनीनं नेपाळला नेलं आणि तिथून टांझानियाला. टांझानियाला जाताना ह्यांनी बॅगेत कपडे कमी आणि माझ्या हातचा ठेचा जास्त भरला. आठवड्यानं फोन आला. "पुष्पे, हितंबी आपल्यावानीच हाय बग. दारात हुबं ऱ्हाऊन 'होडी' म्हनायचं. आतून बाई म्हंती 'करीबू', म्हंजी या. मग बसायचं, बोलायचं, आन् मग भिंतीचं इचारायचं." मी म्हटलं, म्हणजे तिकडंही तुमचा दिवस बोलण्यातच जाणार, छान झालं!

आज नेपाळात बीरगंजला आमचं ऑफिस आहे, टांझानियात मोरोगोरोला आहे, आणि पाथर्डीला काचेच्या दाराचं आहे, ज्यावर नवीन माणूस हमखास कपाळ आपटतो. आता लोक नाव वाचून हसत नाहीत. तरी मला कुणी ह्यांच्याबद्दल विचारलं, तर मी देशांची नावं सांगत नाही. मी करंजवाडीच्या वळणावरच्या भिंतीचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी डेन्मार्कची एक सौर पंपाची कंपनी आमच्याकडं आली. पाच देशांत भिंती रंगवायच्या होत्या. आधी नमुना म्हणून आपल्याच भागात, पाथर्डी, आष्टी, जामखेडच्या पट्ट्यात काम करून दाखवायचं. संक्रांतीला त्यांच्या मॅडम स्वतः गाडीतून फिरून बघणार आणि पसंत पडलं तर पाचही देश आमचे. आमचे निम्मे रंगारी काम नसलं की अजून कोयता घेऊन उसाला जातात. हे काम आलं असतं तर एकालाही जावं लागलं नसतं. मी मनातल्या मनात सगळ्यांची बिऱ्हाडं घरी बसवूनही टाकली होती.

आमचा मॅनेजर हर्षल, पुण्याला शिकून आलेला, चलाख मुलगा. त्यानं गावोगाव फिरून रस्त्याकडच्या भिंतींचे फोटो काढले आणि कंपनीला पाठवले. कंपनीला सगळ्यांत आवडली करंजवाडीच्या वळणावरची भिंत. लांबून येणाऱ्या गाडीला समोर तीच दिसते. तिच्यासमोर मॅडमचा फोटो काढायचा, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं.

पण काम हातात आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आमच्या भागात दिवाळीनंतर गावं कशी असतात ते येऊन बघा. दारादाराला कुलूप, अंगणात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. हर्षल खूश. म्हणाला, "काकी, उलट बरंय. घरात कुणी नाही म्हणजे कटकट नाही. पाडव्याला लोक आले की विचारून घेऊ." मला पटलं. कुणालाही पटेल.

ह्यांना पटलं नाही. म्हणाले, "कुलपाला कसं इचारायचं?"

मी म्हटलं, "अहो, फोन करा की एकेकीला!"

"फोन नवऱ्याच्या खिशात असतो. बाई मोळी उचलत असती. तिनं हो म्हनलं का त्यानं, मला हितं बसून काय कळनार?"

आणि काढली जीप. एकेका कारखान्यावर, एकेका कोपीवर जाऊन, मोबाईलमधला फोटो दाखवून भिंत मागायची! मी इतकी भडकले की दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच जीपमध्ये जाऊन बसले. हा माणूस एकटा गेला तर शिमग्यापर्यंत परत येत नाही, हे मला ठाऊक होतं.

आणि तसंच होत होतं. बायका डोक्यावरची मोळी ट्रॉलीत टाकून यायच्या, घाम पुसायच्या, फोटो बघायच्या आणि भिंतीचं राहायचं बाजूलाच. "आवो, कुलूप नीट दिसतंय का?" "लिंबाची फांदी पडली वाटतं वसरीवर." "आत्याबाई दिसत्यात का बगा दारात. बऱ्या हायेत ना?" मग हे फोटो मोठा करून दाखवणार, नाही दिसलं तर गावात कुणाला तरी फोन लावून म्हातारीशी बोलायला देणार. भिंत सगळ्या देत होत्या, वर हसत होत्या, "भिताड मागायला इतक्या लांब आला व्हय दादा?" मला राग यायचा आणि डोळेही भरून यायचे, दोन्ही एकदम. आणि इकडं हर्षलचे फोनवर फोन, काकी, भिंती कमी पडतायत, संक्रांत तोंडावर आलीय.

असं करत आम्ही कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर पोचलो. तिथं करंजवाडीची टोळी होती. वळणावरच्या त्या घरची बाई मनकर्णा आणि तिचा नवरा बजरंग, दोघं ट्रॉली भरून नुकतीच कोपीवर आली होती. मनकर्णाबाईनं आम्हाला पोत्यावर बसवलं, काळा चहा केला. ह्यांनी फोटो दाखवला. तिनं हात लुगड्याला पुसले आणि फोन जवळ धरून बराच वेळ बघितला.

"ही न्हाई देत, दादा," ती म्हणाली. "मागली घ्या. गोठ्याची घ्या. ही नगं."

भिंतीवर लग्नाचं लिहिलेलं होतं. आमच्याकडं घरात लग्न निघालं की बाहेरच्या भिंतीला चुना देऊन नवरानवरीची नावं लिहितात, कलश काढतात, आणि मग ते ऊनपावसानं जाईपर्यंत तसंच असतं. वर 'शुभविवाह', खाली 'राजेश्वरी' आणि 'ओम'.

"लेकीचं का?" मी विचारलं. "कुठं दिली?"

"दिली हुती," ती म्हणाली. "दुसऱ्या सालीच काविळीनं गेली."

बजरंग उठून बाहेर गेला. ह्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आक्का. त्या भिंतीला हात लावत न्हाई आमी."

जीपपाशी येऊन ह्यांनी कारभारीला फोन लावला. कारभारी म्हणजे आमचा सगळ्यांत जुना रंगारी, ह्यांच्याबरोबर ट्रॉल्या रंगवलेला. ह्यांनी सांगितलं, वळणावरची भिंत सोडून द्या. मग तो म्हणाला, "मालक, ती तर परवाच झाली."

त्यालाही काय बोलणार? रंगाऱ्याला लग्नाचं लिहिलेली भिंत म्हणजे चुना आधीच बसलेली तयार भिंत. सगळेच अशा भिंती आधी धरतात. मालक एवढे हिंडतायत, होकार आणणारच, आपण तोवर काम उरकून घेऊ, असा त्यानं विचार केला होता. चांगल्या मनानंच केला होता.

मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, "ऐका माझं. फोटो आहे आपल्याकडं. मॅडम येऊन जाऊ देत. मग पाडव्याच्या आत जसंच्या तसं लिहून टाका, तेच अक्षर, तोच कलश. तिला कळणारसुद्धा नाही. आज सांगून तिला रडवून काय मिळणार? आणि आपल्या माणसांची कामं जातील त्याचं काय?"

मी हे आजही म्हणेन. त्यात खोट काय होती ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

ह्यांनी माझा हात सोडवला आणि कोपीकडं परत गेले. मी मागून गेले. ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "आक्का, चूक झाली. माझ्या मान्सानं ती भिंत रंगवली. मला आत्ता कळलं."

तिच्या हातात कालवण ढवळायचा डाव होता. तो तिनं खाली ठेवला. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण चुलीपुढं बसून तिनं एवढंच विचारलं,

"समदंच गेलं?"

"व्हय. म्या उद्या जाऊन परत लिवतो. फोटो हाय, जसंच्या तसं लिवतो."

"तसं नगं," ती म्हणाली. "एकच नाव लिवा. तिचं. दुसरं काय बी नगं."

मला वाटलं, जावयावर राग असणार. त्यानं दुसरं लग्न केलं असेल, पोरीच्या दुखण्यात हयगय केली असेल. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरीसुद्धा न जाता थेट करंजवाडीला गेलो. ह्यांनी सौर पंपाची निळी जाहिरात चुन्याखाली घातली आणि भिंत वाळल्यावर नाव लिहायला घेतलं. कारभारी मदतीला उभा होता, पण ह्यांनी त्याला ब्रश दिला नाही. सगळ्या भिंतीभर एकच नाव, राजेश्वरी. पुढं काही नाही, मागं काही नाही. हर्षल बघायला आला आणि कपाळाला हात लावून जीपमध्ये जाऊन बसला. म्हणाला, "काकी, कंपनीनं निवडलेली तेवढीच एक भिंत होती हो."

संक्रांतीला मॅडम आल्या. बाकीच्या भिंती त्यांना आवडल्या, पण ठरल्यापेक्षा कमी होत्या, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. करंजवाडीच्या वळणावर त्यांनी स्वतःच गाडी थांबवली. फाईलमधला फोटो काढून भिंतीशी ताडून बघितला. मग हर्षलला इंग्रजीत विचारलं, ही दुसऱ्या कुठल्या कंपनीची जाहिरात आहे? हर्षल माझ्याकडं बघायला लागला. हे नेमके लांब उभे राहून तंबाखू चोळत होते. नको त्या वेळी हा माणूस कधी जवळ नसतो!

मी म्हटलं, "सांग त्यांना, ही जाहिरात नाही. ह्या घरातली मुलगी आहे."

त्यानं काय सांगितलं देव जाणे. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या आणि गाडीत बसल्या. पुढं तीन देश आम्हाला मिळाले, दोन मुंबईच्या एजन्सीला गेले. हर्षल म्हणतो त्या भिंतीनं गेले. हे म्हणतात भिंती कमी पडल्या म्हणून गेले. काही असो, पुढच्या दिवाळीत कारभारीच्या दोन्ही भावांची बिऱ्हाडं उसाच्या ट्रकमध्ये चढली. मी रस्त्यावर उभी राहून बघितली, आणि घरी येऊन ह्यांना वाट्टेल तसं बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं.

पण ते पुढच्या दिवाळीचं. त्याआधी, त्याच वर्षी, पाडव्याच्या सुमाराला ह्यांचा टांझानियाहून फोन आला. "करंजवाडीची टोळी आज येती हाय. जाऊन ये. आक्काला नाव पसंत हाय का बग. नसंल तर कारभारीला सांग." मला तेवढाच धंदा! पण गेले.

ट्रक वळणावरच थांबला. सामानावरून माणसं उतरली, शेरडं उतरली, भांडी उतरली. मनकर्णाबाईनं कुलपाला हात लावला नाही, आधी भिंतीपाशी आली. अक्षरं माणसाच्या उंचीची होती. ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली आणि मला म्हणाली, "वैनी, हे समदं तिचंच हाय ना?"

"तिचंच."

"दुसरं कुनाचं न्हाई ना ह्यात?"

मी म्हटलं, "नाही हो. तुम्ही सांगितलं होतं ना, जावयाचं नको म्हणून."

"जावई गरीब हाय बिचारा. त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, हळू बोलली. "मला वाचाया येत न्हाई, वैनी. भितीवर दोन नावं हुती. त्यातलं पोरीचं कंचं, ते मला ठावं नव्हतं. कुनाला इचारायची लाज वाटायची, आई आसून म्हाईत न्हाई म्हनतील. म्हनून रोज दोन्हीवरून हात फिरवायची."

मला रडू आलं, ते पुसायचंही सुचलं नाही.

"हे कुठून सुरू हुतं?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरला आणि पहिल्या अक्षरावर ठेवला.